रॉबेन बेट : आकाशातून आणि पायी

'काळे पाणी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. मुख्य भूमीपासून शेकडो कोस दूर, म्हणून सुटकेची आशा नाही, असा आपला सरळ हिशेब असतो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळचे रॉबेन बेट मात्र या हिशेबात बसत नाही. ते शहराच्या अगदी समोर आहे. तरीही तीनशेहून अधिक वर्षे तेथील राज्यकर्ते नकोशी माणसे याच बेटावर पाठवीत आले. असे का, हे समजण्यासाठी ते बेट एकदा वरून आणि एकदा पायी पाहावे. सुदैवाने मला दोन्ही योग लाभले.

प्रवाशांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर केपटाऊनच्या बंदरालगतच उडते. मागे १०८६ मीटर उंचीचा, पाटासारख्या सपाट माथ्याचा टेबल पर्वत राहतो आणि काही मिनिटांतच बेट खाली दिसू लागते. हेलिकॉप्टर तेथे उतरत नाही, नुसता वळसा घालते. बेटाची लांबी सव्वातीन किलोमीटरांच्या आसपास, रुंदी दोन किलोमीटरांहूनही कमी. डोंगर नाही, कडे नाहीत. जरा उंचवट्यावर दीपगृह, खुरटी झाडी, आणि काठाला फेसाची पांढरी किनार. 'रॉबेन' हा डच शब्द असून त्याचा अर्थ 'सील प्राणी' असा होतो.

वरून पाहताना मनात येते, की समोरचा किनारा तर जेमतेम सात किलोमीटरांवर आहे! मग अडचण कसली? पहिले उत्तर पाण्यात आहे. या किनाऱ्याने बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा पृष्ठभागावरचे पाणी समुद्रात लोटतो आणि त्याच्या जागी तळाचे गार पाणी वर येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही येथे पाण्यात उतरले की अंग काकडते. त्यात लाटा आणि बुडालेले खडक. १६५८ साली डचांनी येथे ठेवलेला खोयखोय नेता ऑत्शुमाटो दुसऱ्याच वर्षी होडीतून निसटला. इंग्रजांनी १८१९ मध्ये पाठवलेला झोसा नेता मखांडा मात्र होडी उलटून बुडाला.

पण आज तयारीचे जलतरणपटू सोबत होडी ठेवून हे अंतर पोहून जातात. तेव्हा नुसता समुद्र हे पूर्ण उत्तर नव्हे. १८४६ पासून १९३१ पर्यंत येथे कुष्ठरोगी ठेवले गेले, आणि काही काळ मनोरुग्णही. ही माणसे पळतील याची भीती नव्हती. ती शहराच्या नजरेला नको होती. बेटाचा खरा उपयोग हाच होता.

हे उत्तर पक्के झाले ते पायी हिंडताना. नेल्सन मंडेला १९६४ ते १९८२ अशी अठरा वर्षे येथे होते. त्यांची कोठडी सुमारे आठ फूट लांब नि सात फूट रुंद. जवळच चुन्याच्या दगडाची खाण आहे. तेथील पांढऱ्या झळाळीने कैद्यांचे डोळे बिघडले. रॉबर्ट सोबुक्वे यांना तर शिक्षा संपल्यावरही खास कायदा करून १९६९ पर्यंत एका घरात एकटे ठेवले.

मला सर्वांत अधिक बोचली ती एक साधी पाटी. तिच्यावर शिध्याचे प्रमाण वंशाप्रमाणे लिहिले आहे. भारतीय व मिश्रवर्णी कैद्याला मांस सहा औंस, आफ्रिकनाला पाच. पहिल्याला एक औंस जॅम, दुसऱ्याला काहीच नाही. मंडेलांबरोबरच आलेले अहमद कथराडा मूळच्या गुजराती घराण्यातले, म्हणून त्यांना लांब विजार मिळाली, तर वयाने वडील असलेल्या मंडेलांना अर्धी चड्डी. एकाच खटल्यात, एकाच दिवशी, एकच शिक्षा झालेली ही माणसे!

शेवटचे राजबंदी १९९१ मध्ये सुटले. १९९७ मध्ये येथे संग्रहालय झाले आणि १९९९ मध्ये युनेस्कोने बेटाला जागतिक वारशाचा मान दिला.

हेलिकॉप्टरातून किनारा, पाणी, अंतर हे सारे स्वच्छ दिसते. ती पाटी तेवढी दिसत नाही. विद्यार्थिमित्रांनो, माणसाला माणसापासून दूर ठेवायला सात किलोमीटर पाणीही लागत नाही. एक औंस जॅम पुरतो.