लिडेल रविवारी धावला नाही, मग 47.6 सेकंद आले कुठून?

मावशीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघत होते. माझा मावसभाऊ 400 मीटर धावतो. यंदा त्याची निवड चाचणी रविवारी सकाळी आहे, आणि आमच्याकडे रविवारी सकाळ म्हणजे उपासना. मावशी म्हणाली, "अगं, तू पळण्यावरच पीएचडी करतेस ना? मग सांग त्याला एरिक लिडेलचं. त्याने देवाला मान दिला, देवाने त्याला मेडल दिलं." फोन भावाच्या हातात गेला. तो म्हणाला, "ताई, ते 1924 होतं. माझी ट्रायल वर्षातून एकदाच असते."

दोघंही मला साक्षीदार म्हणून बोलवत होते. म्हणून हा लेख. मागच्या वेळी लॅक्टेटवर लिहिलं होतं, त्याचा इथे उपयोग होईल.

ज्यांनी शब्बाथशाळेत ही गोष्ट ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक लिडेल हा स्कॉटलंडचा धावपटू. स्कॉटिश मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1902 मध्ये चीनमध्ये, तिएनत्सिनला जन्मला. एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकला, स्कॉटलंडकडून रग्बीही खेळला. 100 यार्ड 9.7 सेकंदांत धावणारा हा माणूस पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचा दावेदार होता. पण 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या 6 जुलै 1924 ला, म्हणजे रविवारी होत्या. तो धावला नाही. रिले शर्यतींतूनही त्याच कारणाने बाहेर राहिला. मग 200 मीटरला ब्राँझ मिळालं आणि 11 जुलैला, शुक्रवारी, 400 मीटरला सुवर्ण. वेळ 47.6 सेकंद.

आमच्या शब्बाथशाळेत गोष्ट इथे संपायची आणि सगळे "आमेन" म्हणायचे. माझी शंका पुढे सुरू होते.

पहिली गोष्ट म्हणजे, 1981 चा 'चॅरियट्स ऑफ फायर' हा सिनेमा बघितला असेल तर त्यातलं जहाज विसरा. सिनेमात लिडेलला फ्रान्सला निघताना कळतं की फेऱ्या रविवारी आहेत, मग ऐनवेळी एक उमराव त्याला आपली 400 ची जागा देतो. प्रत्यक्षात असा कुणी उमराव नव्हता. लिडेलला वेळापत्रक कित्येक महिने आधीपासून माहीत होतं. त्याने नकार आधीच कळवला आणि उरलेला काळ टॉम मॅकर्चर या आपल्या प्रशिक्षकाबरोबर 200 आणि 400 च्या तयारीत घालवला. त्याच्याही आधी, जुलै 1923 मध्ये, स्टोक इथल्या 440 यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून तो ट्रॅकबाहेर पडला होता. उठला तेव्हा बाकीचे सुमारे 20 यार्ड पुढे गेलेले होते, आणि तरी तो जिंकला. म्हणजे 400 त्याच्यासाठी आकाशातून पडलेली शर्यत नव्हती. मला तर सिनेमापेक्षा ही खरी हकिगत जास्त आवडते. जहाजावर घेतलेला निर्णय एका दुपारचा असतो. महिनोन् महिने रोज मैदानावर जाऊन निभावलेला निर्णय वेगळा.

आता शरीराकडे वळू. 100 मीटरमध्ये स्नायूंना लागणारी ऊर्जा बहुतेक सगळी ऑक्सिजनशिवाय मिळते. स्नायूत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट पहिल्या काही सेकंदांत झपाट्याने वापरलं जातं, दहा सेकंदांपर्यंत त्यातलं बरंचसं संपतं. 400 मध्ये त्यानंतरही निम्म्याहून जास्त शर्यत उरलेली असते. मग ग्लायकोजेन वेगाने फोडून ऊर्जा काढावी लागते. त्यात लॅक्टेट तयार होतं, सोबत स्नायूतली आम्लता वाढते, फॉस्फेट साचतं आणि आकुंचनाचा जोर कमी होतो. (लॅक्टेट स्वतः खलनायक नाही, हे मागच्या लेखात सांगून झालंय, पुन्हा भांडत नाही.) विश्रांतीत रक्तात लिटरमागे 1 मिलिमोलच्या आसपास असलेलं लॅक्टेट चांगल्या 400 नंतर 20 च्याही पुढे जातं. शेवटच्या 80 मीटरमध्ये पाय लाकडाचे होतात असं धावपटू सांगतात, ते हेच. आणि तोपर्यंत ऑक्सिजनचा वाटाही वाढलेला असतो: कसलेल्या पुरुष धावपटूंत पूर्ण 400 चा साधारण 40 टक्के.

यातून एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो. सुरुवातीला किती जोरात पळायचं? त्या काळी 400 कडे बरेच जण मध्यम पल्ल्याच्या नजरेने बघत. मधे थोडा दम राखायचा आणि शेवटी सोडायचा. लिडेलने काय केलं ते बघा. पहिले 200 मीटर 22.2 सेकंदांत, उरलेले 25.4 मध्ये. आणि दोनच दिवसांपूर्वी 200 मीटरच्या अंतिम फेरीत त्याची वेळ होती 21.9. म्हणजे दुप्पट अंतराच्या शर्यतीचा पहिला अर्धा भाग तो आपल्या 200 च्या वेळेपेक्षा फक्त 0.3 सेकंद हळू धावला! हातातल्या घड्याळाची चूक धरली तरी हे धाडसच आहे. आजचे 400 वाले साधारण अर्धा ते एक सेकंद हातचा राखतात.

बघणाऱ्यांना वाटलं, हा आता कोसळणार. तो मंदावला, पण कोसळला नाही. याचं शरीरशास्त्र फार गूढ नाही. 400 मध्ये दुसरा अर्धा भाग सगळ्यांचाच हळू होतो, जागतिक विक्रमवीरांचासुद्धा. क्रिएटिन फॉस्फेट शेवटपर्यंत जपून ठेवल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही. जोरदार सुरुवातीने ऑक्सिजनचा वापरही लवकर वर चढतो. शिवाय लिडेल सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये होता, तिथून बाकीचे पाच जण दिसतच नाहीत. मूळच्या 100 मीटरवाल्याने, समोर कुणी नसताना, स्वतःच्या स्वभावाप्रमाणे शर्यत धावली. कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर, खुरप्याने खणलेल्या खळग्यांतून सुटून.

मग मावशीच्या वाक्याचं काय? विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला इथे अडायला होतं. एक माणूस, एक शर्यत. तुलनेला दुसरा लिडेल नाही, जो रविवारी धावला आणि मग शुक्रवारी हरला. शिवाय आपण ही गोष्ट सांगतो कारण तो जिंकला. रविवार पाळून पाचवे आलेले धावपटू शब्बाथशाळेच्या पुस्तकात येत नाहीत. त्या अंतिम फेरीत स्वित्झर्लंडचा इंबाख अडखळून पडला, शर्यत पूर्ण करू शकला नाही. त्याने सकाळी प्रार्थना केली होती का, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

आणि आता भावासाठी उलटं उदाहरण. रिओ ऑलिंपिक, 14 ऑगस्ट 2016. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हान निकर्क, सगळ्यात बाहेरची आठवी लेन, 400 मीटर 43.03 सेकंदांत, जागतिक विक्रम. पहिले 200 साधारण 20.5 मध्ये. तोही आपल्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलतो आणि यशाचं श्रेय देवाला देतो. कॅलेंडर काढून वार बघा. रविवार होता. अंतर तेच, लेन बाहेरचीच, प्रभूही तोच.

तेव्हा "श्रद्धेने सेकंद कमी होतात" हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि "रविवारी पळाल्यास देव रागावतो" हेही नाही. मला दिसतं ते एवढंच, की लिडेलच्या श्रद्धेने त्याला काय सोडायचं ते सांगितलं. ते सोडताना त्याला 400 चं सुवर्ण दिसत नव्हतं, कारण ते कुणालाच दिसत नव्हतं. त्याने सौदा केला नव्हता. मावशीच्या वाक्यात सौदा आहे, म्हणून ते मला खटकतं.

पण त्या माणसाला सगळ्यात नीट ओळखायचं असेल तर पॅरिस सोडून चीनला जावं लागतं. 1925 मध्ये तो तिएनत्सिनला परतला, तिथल्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान आणि खेळ शिकवू लागला. युद्ध जवळ आलं तेव्हा 1941 मध्ये बायको आणि मुलींना त्याने कॅनडाला पाठवलं. तिसऱ्या मुलीला त्याने कधी पाहिलं नाही. 1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या नजरकैदेच्या छावणीत टाकलं. दीड हजारांच्या आसपास माणसं, त्यात आईवडिलांपासून तुटलेली शाळकरी मुलं पुष्कळ. लिडेल त्यांना विज्ञान शिकवायचा आणि त्यांचे खेळ घ्यायचा, अर्थात रविवार सोडून.

एका रविवारी कंटाळलेल्या पोरांनी आपापली हॉकीची मॅच लावली. पंच नाही, त्यामुळे खेळाचं रूपांतर मारामारीत झालं. पुढच्या रविवारी पोरं पुन्हा मैदानावर आली तेव्हा तिथे पंच म्हणून एरिक लिडेल उभा होता.

शब्बाथशाळेत हा भाग आम्हाला कुणी सांगितला नव्हता. मी तो बराच उशिरा वाचला, आणि तेव्हा आजीची आठवण झाली. नगरची आमची मंडळी ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून उभी राहिली तेही लिडेलसारखंच काँग्रिगेशनल वळणाचं. आजी रविवारी सुईदोरा हातात घ्यायची नाही. पण शेजारच्या बाळंतिणीकडे दुपटी कमी पडली त्या रविवारी तिने संध्याकाळपर्यंत शिवण केलं, आणि त्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलली नाही.

लिडेल 21 फेब्रुवारी 1945 ला छावणीतच मेंदूतल्या गाठीने वारला, वयाच्या 43 व्या वर्षी. सुटका झाली ऑगस्टमध्ये. आपले झिजलेले धावायचे बूट त्याने छावणीतल्या एका मुलाला देऊन टाकले होते, कारण हिवाळा होता आणि त्या मुलाकडे बूट नव्हते.

काल रात्री मी दोघांनाही फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि हे सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हॉकीचं मला माहीत नव्हतं गं." भावाने विचारलं, "ताई, 22.2 ला गेला म्हणजे 300 ला त्याची काय हालत झाली असेल?" ट्रायल साडेसातला आहे, उपासना साडेनऊला, आणि मधे एसटीचा पाऊण तासाचा रस्ता. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पहिले 200 किती जोरात काढायचे, यावर मात्र आम्ही रात्री साडेअकरापर्यंत वाद घालत होतो.