जबलपूरचे सोयाबीन आणि हवेलीचे पाणी

विद्यापीठाने शेती किती बदलते, हे पाहायचे तर जबलपूरकडे पाहावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ‘तीनशे पस्तीस’ एवढे म्हटले तरी कळते. 1994 मध्ये आलेले जेएस 335 हे सोयाबीनचे वाण जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे. जेएस म्हणजे जवाहर सोयाबीन. 1964 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात अमेरिकेच्या लँड ग्रँट विद्यापीठांप्रमाणे अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य एकत्र होते. पिवळ्या सोयाबीनच्या सुरुवातीच्या चाचण्याही इथे इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने झाल्या.

सोयाबीन आले ते खरिपात पड राहणाऱ्या काळ्या रानात. पण जबलपूर-नरसिंहपूरकडची पड रिकामी नव्हती. तिथे ‘हवेली’ पद्धत होती. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी आश्विनापर्यंत तुंबवून ठेवत. त्यात कांस गवतासारखे चिवट तण कुजे, गाळ बसे, पाणी जमिनीत मुरे. मग बांध फोडून पाणी सोडायचे आणि त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा; वेगळे पाणी द्यावे लागत नसे.

सोयाबीनला तुंबलेले पाणी सोसत नाही. दोन पिके हाती येऊ लागली तसे बांध मोडले आणि रब्बीची भिस्त बोअरवेल व कालव्यावर आली. पूर्वी पाण्याखाली फुकट मरणाऱ्या तणासाठी फवारणी आली. देशाची तण संशोधन संस्था जबलपुरातच आहे, हा योगायोग बोलका आहे. तेच पीक दरवर्षी घेतल्याने पांढऱ्या माशीतून पसरणारा पिवळा मोझॅकही बळावला आणि त्यात 335 सापडले. त्यावर विद्यापीठाने जेएस 20-69 सारखी वाणे दिली.

वाणाचे काम विद्यापीठाला चांगले जमते. बियाणे पिशवीतून विकता येते आणि त्याचा फायदा घेणाऱ्याला त्याच हंगामात दिसतो. हवेलीचे तसे नाही. पाणी एकाच्या शेतात मुरते आणि पातळी शेजाऱ्याच्या विहिरीची वाढते. मग आपले खरीप पीक सोडून बांध कोण घालणार? टिकाऊ शेतीकडे वळायचे तर हा हिशेब आधी मांडावा लागतो: किती पाणी मुरले, किती उत्पन्न बुडाले, भरपाई कोणी द्यायची. त्यासाठी वर्षानुवर्षांची मोजणी हवी आणि कृषिविद्या, कृषी अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विभागांनी एकाच शिवारात काम करायला हवे. बियाण्याच्या कंपनीला यात रस असण्याचे कारण नाही. विद्यापीठाकडे मात्र जमीन, माणसे आणि विस्तारयंत्रणा तिन्ही आहेत.