‘आमच्या वेळी’च्या पलीकडे

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई ओळखलं जातं ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. अशा गावातली पोरं शिकून पुण्याला, संभाजीनगरला स्थिरावतात आणि त्यांच्या लेकरांना गाव भेटतं ते ‘आमच्या वेळी’ या पालुपदातून. लेकरं कंटाळतात, बोल मोबाइलला लागतो. खरी चूक नुसत्या सांगण्यावर भिस्त ठेवण्यात आहे. आईबापांचं बालपण मुलांपर्यंत पोचतं ते त्यातलं एखादं काम त्यांच्या हाती पडल्यावर.

कोकणातले बेने इस्रायल ज्यू १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. तिथं वाढलेल्या पिढीची भाषा हिब्रू झाली. तरी लग्नकार्यात, नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतोच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सोबत फळं. पोहे कालवायला व्याकरण लागत नाही. मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांत रोजची बोली क्रिओल झाली, पण गणेशचतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणची जाखडी ‘झाकरी’ होऊन अजून नाचली जाते. भाषाच गेली तर हे नुसतं टरफल नव्हे का, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे; म्हणून तर मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवतात आणि अमेरिकेतली मंडळं रविवारच्या शाळा चालवतात. पण घरात विचारण्याजोगं काही घडतच नसेल, तर त्या वर्गात मूल कशाच्या ओढीनं बसेल?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. गावाकडचं बालपण गोड कुठं होतं? सुट्टीत मिरचीच्या तोड्याला जायचं, रात्री बोटांची आग व्हायची, आणि भाव पडला की तोडणीची मजुरीही निघायची नाही. मग हेही सांगावं. कष्ट वगळून रंगवलेलं गाव मुलांना जाहिरातीसारखंच वाटतं. वारसा जपायचं काम एकट्या आईच्या गळ्यात घालायची खोडही मोडावी (ठेचा बापालाही कुटता येतो). हंगामात एखाद्या रविवारी मुलाला बाजारात उभं करावं. शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव आणि शहरातल्या भाजीवाल्याचा भाव त्यालाच वहीत मांडू द्यावा. आजोबांवर कर्ज होतं का, ही चौकशी तो परतीच्या वाटेवर आपणहून करील.