‘तालीम’चे दोन अर्थ आणि आपले पीटीचे सर

मुलगी शाळेतून आली की आपण विचारतो, “आज काय शिकवलं?” ती गणिताचं सांगते, विज्ञानाचं सांगते. पीटीचा तास होता का, असं विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, “होता, पण मॅडमनी त्यात राहिलेला धडा घेतला.” आपण मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. हेच उलटं झालं असतं, म्हणजे गणिताचा तास पीटीच्या सरांनी मैदानावर घेतला असता, तर दुसऱ्या दिवशी आपण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये उभे असतो.

पीटीच्या शिक्षकाला आपल्या लेखी काय किंमत आहे, ते यातूनच कळतं. शाळेत शिट्टी वाजवणारे, रांगा लावणारे, १५ ऑगस्टची परेड बसवणारे आणि दंगा करणाऱ्या पोरांना धाकात ठेवणारे सर, एवढीच त्यांची ओळख. त्यांना इतर शिक्षकांसारखा ‘अभ्यासाचा’ मान मिळायला हवा का? आम्हाला वाटतं, मिळायलाच हवा. आणि त्याची कारणं भावनेत नाहीत, त्यांच्या कामात आहेत.

सुरुवात आपल्याच बोलीतल्या एका शब्दापासून करू. ‘तालीम’ म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला गंगावेश तालीम आठवते, लाल माती आठवते. उर्दू शिकलेल्या माणसाला मात्र त्याच शब्दातून शाळा आणि पुस्तक दिसतं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणं, शिक्षण. इल्म हा शब्दही त्याच कुळातला. मराठीने हा शब्द घेतला आणि शरीर घडवण्याच्या जागेला दिला. ‘उस्ताद’चंही तसंच. उर्दूत उस्ताद म्हणजे शिक्षक, मराठीत वस्ताद म्हणजे तालमीतला गुरू. बडोद्यात माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या व्यायाममंदिराला त्यांच्या वस्तादांचं, म्हणजे जुम्मादादांचं नाव आहे. शरीराला शिकवणं हेही शिक्षणच आहे, हे आपल्या भाषेला कधीपासून ठाऊक होतं. शाळेच्या वेळापत्रकात आल्यावर आपण ते विसरलो.

हे सर शिकतात तरी काय?

अनेकांचा समज असा की, खेळात बरा असलेला आणि अभ्यासात मागे पडलेला मुलगा पीटीचा शिक्षक होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे आणि २०१४ च्या नियमांनुसार तो दोन वर्षांचा आहे. त्यात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकावी लागते. कुठला स्नायू कुठल्या हालचालीला कामाला येतो, वाढीच्या वयात किती भार द्यावा, दुखापत झाली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे शिकावं लागतं. क्रीडा मानसशास्त्र असतं, चाचण्या आणि मोजमाप असतं, वर्गावर पाठ घेऊन दाखवावे लागतात.

कॉलेजमध्ये शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पदव्युत्तर पदवी आणि नेट यांच्या जोडीला शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर कापायचं. इतिहासाच्या किंवा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणजे इथे डोकंही तपासलं जातं आणि पायही.

रहीम साब हेही मास्तरच होते

२०२४ मध्ये ‘मैदान’ हा सिनेमा आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव नव्या पिढीला कळलं. सिनेमात आपण भारतीय फुटबॉलचा प्रशिक्षक पाहिला. पण त्याआधी रहीम साब हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवणारे मास्तर होते. उस्मानिया विद्यापीठात शिकले, शिक्षक झाले, मग शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी घेतली. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता.

त्यांची पद्धत पाहिली की त्यांच्यातला शिक्षक दिसतो. मुलं चेंडू पायात घोळवत बसतात, पास देत नाहीत, हे त्यांनी हेरलं. मग ओरडण्याऐवजी त्यांनी ड्रिबलिंगला बंदी असलेले सामने भरवले. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायाने कच्चा राहतो, म्हणून फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा घेतल्या. मूल नेमकं कुठे अडतंय ते ओळखायचं आणि तेवढ्याच गोष्टीचा सराव घडेल असा धडा रचायचा. गणिताचा चांगला शिक्षक याहून वेगळं काय करतो?

याच शिक्षकाच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईतला रोव्हर्स चषक जिंकला. भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्ण घेतलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण आणलं. त्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला त्यांनी बचावातून काढून पुढच्या फळीत खेळवलं आणि दोनपैकी एक गोल त्यानेच केला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीम साब कर्करोगाने गेले. त्यानंतर आजवर भारतीय फुटबॉलला आशियाई सुवर्ण मिळालेलं नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

मान कुठे अडतो?

पीटीच्या शिक्षकाला ‘सर’ सगळेच म्हणतात. मान अडतो तो व्यवस्थेत. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्यात सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या आणि शंभरावर पट असलेल्या शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, पण तो अंशकालीन. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्राला शिक्षक आणि शरीराला अर्ध्या वेळचा माणूस! दहावीच्या निकालात आपल्याकडे या विषयाला श्रेणी मिळते, टक्केवारीत तो धरत नाहीत. जे टक्क्यांत नाही ते आईवडिलांच्या हिशेबात नाही, आणि जे आईवडिलांच्या हिशेबात नाही त्याचा तास कुणीही उचलून नेतं.

दुसरीकडे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको. कागदावरची ही भिंत पडली, पण शाळेच्या स्टाफरूममध्ये ती अजून उभी आहे.

नुकसान मुलींचं जास्त

या सगळ्याची झळ सर्वांत जास्त कुणाला बसते, ते आपल्या मोहल्ल्यात संध्याकाळी फिरलं की दिसतं. मुलं गल्लीत क्रिकेट खेळतात, मैदानावर जातात, पैसे काढून टर्फ बुक करतात. आठवी-नववीच्या मुली कुठे असतात? बहुतेक घरी. म्हणजे शाळेतला पीटीचा तास बुडाला तर मुलगा संध्याकाळी भरून काढतो. मुलीचा तो आठवड्यातला एकमेव तास असतो, तो गेला की गेला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ किंवा व्यायाम करावा. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या सुमारे ५९ मुलींमध्ये रक्त कमी आहे. दोन फेऱ्यांत धाप लागणारी, सतत चक्कर येते म्हणणारी मुलगी बाकावर बसलेली असताना लक्षात येत नाही, मैदानावर येते. तिथे जाणकार शिक्षिका असेल तर ती अम्मीला बोलावून सांगेल, हिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. पीटीच्या शिक्षिकेला मान देण्याचा खरा अर्थ इथे लागतो.

दुसरी बाजूही आहे

काही जण म्हणतील, “आमच्या शाळेतले सर चेंडू फेकून देतात आणि झाडाखाली मोबाईल बघत बसतात. कसला मान?” तक्रार खरी आहे. उन्हात उभं करणं, उठाबशा काढायला लावणं, जाड मुलाला हसणं, फक्त टीममधल्या चौदा पोरांवर मेहनत घेणं, हेही आपण पाहिलेलं आहे. यांनी मुलांच्या मनात व्यायामाबद्दल प्रेम नाही, धास्ती भरली. पण वाईट शिकवणारा गणिताचा शिक्षक भेटला म्हणून गणित हा विषयच हलका आहे, असं आपण म्हणत नाही. आपण चांगला शिक्षक मागतो. इथेही तेच करायला हवं. मान दिला की जाब विचारण्याचा हक्कही येतो.

आणि हे करायला कुठल्या जीआरची वाट पाहायची गरज नाही. पालकसभेत वर्गशिक्षकांबरोबर पीटीच्या सरांनाही भेटा, आपल्या लेकराला धावताना, उडी मारताना काय जमतं आणि काय नाही ते विचारा. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला दिला तर वहीत लिहून पाठवा. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्याचं काय आलं, ते शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. आपल्या समाजातली मंडळी ज्या संस्था चालवतात, तिथे पीटीचे सर निवृत्त झाले की त्यांची जागा रिकामी ठेवून तास वाटून टाकू नका. मुलींच्या शाळेत तर प्रशिक्षित शिक्षिकाच नेमा. मैदानावर बाई असल्या की अनेक घरांतला नकार आपोआप गळून पडतो.

एवढं जमत नसेल तर निदान प्रश्न बदलू. मुलगी घरी आली की विचारू, “आज पीटीच्या तासाला काय शिकलीस?” पहिल्या दिवशी ती हसेल. महिनाभर रोज विचारलं तर हा प्रश्न शाळेपर्यंत पोहोचेल.