एकाच माणसाचे दोन पाय

वजने उचलणाऱ्याची ताकद पहिली काही वर्षे चंद्रकलेप्रमाणे वाढते आणि मग अडते. नेमका तेव्हाच कोणीतरी कानमंत्र देतो : ठरलेले वजन, ठरलेल्या फेऱ्या, मध्ये विसावा हे आता सोडा! हात थकले की थोडे वजन उतरवा आणि न थांबता पुन्हा उचला. ह्याचे नाव ‘ड्रॉप सेट’. स्नायूंची अशी आग होते की, ती आगच फळ वाटावी.

विषय माझा मराठी. पण वीस वर्षे बार उचलतो आहे, म्हणून ह्यात नाक खुपसतो. २०१७ साली ब्राझीलमधील संशोधकांनी मोठी गंमत केली. ३२ मुरलेल्या गड्यांचा एक पाय जुन्या रीतीने राबवला. दुसरा कोणाचा ड्रॉप सेटने, कोणाचा चढत्या वजनांच्या पिरॅमिडने. एकूण उचललेला भार मात्र सारखा ठेवला. माणूस एकच, तेव्हा खुराकाची नि झोपेची सबबच उरली नाही! १२ आठवड्यांनी मांडीचा स्नायू तिन्ही रीतींत साधारण साडेसात टक्क्यांनी भरला. ताकदही सारखीच वाढली.

ड्रॉप सेटने वाचतो तो विसाव्याचा वेळ. घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट पाहत असला की, मीही वजन उतरवून दोन फेऱ्यांची एक करतो. एरवी जुनीच रीत.