कोतवाल बुकातली एक ओळ

आमच्या आजोबांनी मोठ्या कष्टानं वंशावळ लिहिली. सात पिढ्या, सारे पुरुष. सुना नाहीत, लेकी तर नाहीतच. आजी मात्र सांगायची, ‘‘तुह्या पणजोबाले एक बहीन होती, बापू. छपन्नात गेली.’’

छपन्न म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. त्या साली पावसानं दगा दिला आणि वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा आमचं घर अकोल्याकडच्या एका खेड्यात होतं. अमरावतीला, अंबागेटच्या आत, आम्ही नंतर आलो.

नाशिकला तीर्थोपाध्यायांची वही पाहिली. आमच्या पानावर तिथंही बापलेकच. मग आठवलं कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल देई, तिची ही नोंदवही. मोडी जाणणारे एक निवृत्त मास्तर सोबत आले. दुपारभर पानं उलटली. दुष्काळाच्या महिन्यांत पान लवकर भरलेलं दिसे.

अखेर मास्तरांचं बोट थांबलं. खापरपणजोबांचं नाव, पुढं ‘मुलगी, वय ३, हगवण’. तिचं नाव नव्हतंच.

घरी येऊन वंशावळीत पणजोबांशेजारी एक रेघ ओढली आणि लिहिलं : ‘बहीण’. आजी असती तर नाव विचारलं असतं. तेव्हा सुचलं नाही.