गाव नसलेला पत्ता

सैन्यातल्या मुलाला पत्र टाकायचे, तर पाकिटावर त्याचा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण लिहायची. खाली पिन आणि ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढेच. गाव नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. मुलगा लडाखात आहे की राजस्थानच्या वाळवंटात, हे साताऱ्याच्या पोस्टमनला कळत नाही आणि कळायचेही नसते. पत्र मात्र पोचते. ते पोचवणारे खाते म्हणजे आर्मी पोस्टल सर्व्हिस, सेना टपाल सेवा. तिचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे, आणि महाराष्ट्रात हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

५६ ए.पी.ओ.चे टपाल दिल्लीच्या मध्यवर्ती तळ टपाल कार्यालयात जाते, ९९ ए.पी.ओ.चे कोलकात्याच्या. कोणती पलटण सध्या कुठे आहे याची नोंद तिथे ठेवलेली असते. पलटण हलली की नोंद बदलते; घरच्यांनी पत्ता बदलायचा नाही. तिथून थैल्या फील्ड पोस्ट ऑफिसात उतरतात. या ऑफिसांच्या शिक्क्यावर ठिकाणाचे नाव नसते, नुसता क्रमांक असतो. इथली बरीच माणसे मूळची टपाल खात्यातली. कामठीला कवायत शिकून ती वर्दी चढवतात आणि एरवी तालुक्याच्या पोस्टात केले असते तेच काम छावणीत करतात.

१ मार्च १९७२ रोजी या सेवेचे स्वतंत्र कोअर झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिन कोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांनी देशाचे आठ भौगोलिक विभाग पाडले आणि नववा आकडा सैन्याला दिला. नऊने सुरू होणारा पिन दिसला की पत्र जवानाचे.

स्वारीवरचा माणूस आणि घर यांच्यामधले टपाल आपल्याला नवे नाही. अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुढे सासरे मल्हारराव स्वारीवरून सुनेला पत्रे धाडत आणि त्यांत तोफखान्याच्या तजविजीपर्यंतच्या आज्ञा असत. ती सरदारांची पत्रे म्हणून जपली गेली. साध्या शिपायाच्या खुशालीला पक्की वाट मिळाली ती लष्कराबरोबर टपाल कचेरी चालू लागल्यावर. १८५६ मध्ये इराणच्या आखातातल्या बुशहरच्या मोहिमेबरोबर हिंदुस्थानातून फील्ड पोस्ट ऑफिस गेले. पहिल्या महायुद्धात फौजेसाठी ‘आय.ई.एफ.’ छापलेली तिकिटे निघाली. १९५३ मध्ये कोरियाला गेलेल्या आपल्या तुकड्यांच्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरे होती.

या सगळ्या टपालात एक विषय कधी चुकला नाही: रजा. आज जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर ती भरपूर वाटते. पण सीमेवर ताण वाढला की रजा बंद, आणि गेलेल्यांनाही परत बोलावणे. बहिणीच्या लग्नाची तारीख, पेरणी, घराचे छप्पर, बायकोचे दिवस भरत आलेले, सगळे त्या एका मंजुरीवर अडून राहते. अशा दिवसांत लिहिलेल्या पत्रात शिपाई स्वतःविषयी ‘मी खुशाल आहे’ यापलीकडे फारसे बोलत नाही. तो म्हशीची, विहिरीची, धाकट्याच्या शाळेची चौकशी करतो. मला ही चौकशी रणांगणाच्या कोणत्याही वर्णनापेक्षा खरी वाटते. रजा मिळेपर्यंत तो आपले घर अशा प्रश्नांतून चालवत असतो.

पहिल्या महायुद्धात ही वाट पाहणे वर्षानुवर्षांचे होते. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे आणि त्यांतले उतारे वरिष्ठांसाठी भाषांतरित होत. म्हणूनच ती आज वाचायला मिळतात. जखम भरली की घरी न पाठवता पुन्हा आघाडीवर धाडतात, ही त्यांतली कळकळीची तक्रार. लिहिता न येणारे दुसऱ्याकडून लिहवून घेत. म्हणजे मनातले बोलताना लिहिणारा ऐके, सेन्सॉर वाची आणि गावी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी.

मराठे मोठ्या संख्येने गेले ते मेसोपोटेमियात. डिसेंबर १९१५ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे वेढली गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. त्यांतले अनेक परतलेच नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावातले ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. आजही त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. त्या काळी पत्र थांबणे म्हणजे काय, हे अशा गावाला कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

आता मोबाइलमुळे हाताने लिहिलेली पत्रे कमी झाली, पण पार्सले आणि सरकारी कागद याच सेवेतून जातात. उंचावरच्या चौक्यांत आईने कापडात शिवून दिलेला डबा पोचतो तो याच वाटेने.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या पत्रांचे गठ्ठे माळ्यावर असतील. ते उघडा, आणि पत्राबरोबर पाकीटही जपा. मजकुरात ठिकाण लिहिण्याची त्यांना मुभा नव्हती, म्हणून शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख उतरून ठेवा. हे क्रमांक लढाईच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. आपला माणूस रजेची वाट कुठे बसून पाहत होता, हे त्यावरून शोधता येते.